राखाडी राहिला

निळा

केसाएवढी बारीक काच दिसत नाही, फक्त टोचते. चटईवर पडली की चटईत मुरते, पायात गेली की पायात. म्हणून फायबर जोडणारा माणूस काम करतो तिथे जेवत नाही, आणि हात धुतल्याशिवाय डोळा चोळत नाही.

नारंगी

चिमणाबाई शेवटी शेवटी खाटेवर बसून भाकरी थापायची. पीठ नव्हतं, परात नव्हती. हात मात्र बरोबर फिरायचे. थापून झालं की ती भाकरी उचलायची, समोरच्या हवेत टाकायची आणि वरून पाणी फिरवायची. मुलगा समोर आला की विचारायची, "तू कोणाचा रे?"

हिरवा

पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, एका घरात फ्रिजवर लोणच्याची बरणी आहे. तिच्यात लोणचं नाही. झाकणाला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. खिडकीतून उन्हाची तिरीप आली की आत काहीतरी दहिवरासारखं चमकतं. पाहुण्यांची पोरं आली की त्यांना पहिलं हेच सांगतात, तिला हात लावायचा नाही.

तपकिरी

स्लीव्ह म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढी पारदर्शक नळी. तिच्यात एक बारीक पोलादी काडी असते. काचेचे दोन धागे जोडले की सांधा उघडा राहतो. त्यावर ही नळी सरकवायची आणि तापवायची, मग ती आवळते आणि काडीच्या आधाराने सांधा वर्षानुवर्षं टिकतो. पण नळी एका धाग्यात आधी ओवलेली असावी लागते. सांधा झाल्यावर ती घालता येत नाही. माळेच्या दोन्ही टोकांना गाठ मारली की मणी ओवता येत नाही, तसंच.

पांढरा

शेखर सकाळी चूळ भरून झाली की मोरीच्या कठड्याला टेकून रंग म्हणायचा. केबलीतले फायबर केसाएवढे, त्यातला कुठला कोणता हे रंगावरूनच ओळखायचं. इथल्या सगळ्या केबलींत क्रम एकच. त्याच्या बायकोला वाटायचं, नवरा उतारवयात एखादं स्तोत्र पाठ करायला लागला. बरं वाटलं तिला. तिने विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

पण अर्धं आयुष्य केबलीत घालवलेल्या माणसाला रंग म्हणून बघायची गरज का पडावी, हा प्रश्न घरात एकीला पडला होता. वेदिका त्याची मुलगी. आयटीआय करून बापाच्याच धंद्यात शिरलेली. व्हॅन तीच चालवायची, केबल तीच सोलायची, आणि निम्मे सांधेही आता तीच करायची. त्या सकाळी सांधे जोडायच्या मशीनची बॅग खांद्याला लावून ती दारात उभी होती.

"निळा, नारंगी, हिरवा, तपकिरी," शेखर पुटपुटत होता, "पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी."

"राखाडी राहिला, आण्णा. तपकिरीच्या पुढचा, पाचवा," वेदिका म्हणाली.

शेखरने पंच्याने तोंड पुसलं. जरा जास्तच वेळ पुसलं. "मुद्दाम सोडला. म्हटलं बघावं, तुझं लक्ष असतं का."

"माझं असतं."

"मग झालं तर. चहा घेतला का तू?"

एवढ्यात फोन वाजला. गौरांग, कंपनीच्या नाशिकच्या ऑफिसातला सुपरवायझर, पोरगेलासा, बोलायला मऊ. "शेखरकाका, चांदवडच्या अलीकडे सर्व्हिस रोडला केबल तुटलीय. जेसीबी लागला. बँका बंद आहेत, बाजार समितीतलं सगळं ठप्प आहे. तुम्हीच जाल ना?"

"जातो ना. आणखी कोण जाणार?" शेखर म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर त्याला वाटलं, हे आपण जरा मोठ्यानेच बोललो.

लाल

व्हॅन हायवेला लागली. ओझरला विमानांच्या कारखान्याची भिंत दिसू लागली तशी वेदिकाने डावीकडे पाहिलं. ती इथून जाताना नेहमीच पाहते. शेखरला वाटायचं, विमान दिसतंय का बघते.

त्याला जे वाटत होतं ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. पावसाळ्यानंतर तो दोनदा स्लीव्ह ओवायला विसरला होता. एकदा म्हसरूळला, एकदा आडगावला. आता स्लीव्ह कोण विसरत नाही? या धंद्यातला असा माणूस दाखवा, शेखर त्याचे पाय धरील. सांधा तोडायचा, बोटभर फायबर वाया घालवायचा, पुन्हा करायचं, आणि शेजारच्याच्या शिव्या खायच्या. पण विसरलं की माणसाच्या तोंडातून "अर्र" निघतं, कारण हातांना माहीत असतं की काहीतरी राहिलंय. आडगावला हातांना काहीच वाटलं नव्हतं. सांधा हातात धरून तो स्वस्थ बसून राहिला होता, आणि याच्यापुढे काय करतात ते त्याला आठवत नव्हतं. वेदिका पाणी आणायला गेली होती म्हणून निभावलं.

त्याच्या आईचं, चिमणाबाईचंही असंच सुरू झालं होतं. आधी पुढचं काय ते जायचं. मागचं सगळं जागेवर.

मागचं त्याचंही जागेवर होतं. तो तरुण होता तेव्हाचं मशीन लाकडी पेटीत यायचं आणि जीपमधून उतरवायला दोन माणसं लागायची. रस्त्याच्या कडेला तंबू ठोकायचा, कारण वाऱ्याची झुळूकसुद्धा चालायची नाही. काच कापायला हिऱ्याच्या टोकाचं पेन. हलकी एक रेघ ओढायची आणि बोटाने वाकवायचं, टक् झालं की तुटली. सरळ तुटली की नाही ते सूक्ष्मदर्शकात बघायचं. मग तीन बाजूंचे तीन स्क्रू, श्वास रोखून फिरवायचे, दोन टोकं समोरासमोर आणायची आणि ठिणगी द्यायची. सांधा कसा झाला ते मशीन सांगायचं नाही. ते सांगायचा सोमनाथ.

सोमनाथ म्हणजे त्याचा जोडीदार. तो केबलीच्या दुसऱ्या टोकाला, दोन गावं पलीकडे, उजेड मोजायचं मीटर घेऊन बसायचा. त्याच केबलीतल्या तांब्याच्या तारेवर फोन लावलेला असायचा. "सोमनाथ, आलं का?" शेखर विचारायचा. "आलं," सोमनाथ म्हणायचा. नाहीतर, "येतंय, पण आजारी माणसासारखं येतंय. परत कर." दिवसभरात दोघांत याच्याखेरीज दुसरा शब्द व्हायचा नाही, आणि तरी संध्याकाळी भेटले की दिवसभर गप्पा मारल्यासारखं वाटायचं.

तेव्हा त्यांच्याकडे स्लीव्ह नव्हती. क्लिप होती. ॲल्युमिनियमची पातळ पट्टी, मधोमध दुमडलेली, आतून चिकट. सांधा झाल्यावर तो तिच्या घडीत ठेवायचा आणि बारक्या दाबयंत्राने पुस्तक मिटावं तशी मिटवायची. आधी काही ओवायचं नाही, आधी काही लक्षात ठेवायचं नाही. जे काय सांभाळायचं ते नंतर.

"पिंपळगावला थांबू का?" वेदिकाने विचारलं. "इडली खाता?"

"हात धुवायला पाणी हाय का व्हॅनमध्ये?"

"कॅन भरलाय."

"मग काम झाल्यावर खाऊ. सोमनाथ असता तर आधी खाल्लं असतं. त्याचं पोट आधी आणि देश मागून."

वेदिका हसली. सोमनाथकाका करोनात गेले तेव्हा आण्णा रडले नव्हते, एवढंच तिला आठवलं. फक्त त्या रात्री जुन्या मशीनची पेटी पुसून ठेवली होती.

काळा

चांदवडच्या अलीकडे कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग हायवेच्या कडेला लागली होती आणि त्या रांगेच्या पलीकडे खड्ड्याच्या तोंडाशी जेसीबी मान खाली घालून उभा होता. त्याचा ऑपरेटर झिपरू टपरीवरचा चहा घेऊन सामोरा आला. गुन्हेगार माणूस आधी चहा पुढे करतो.

"भाऊ, मला वाटलं मुळी हाय."

"नारंगी पाइपातली मुळी कधी पाहिली व्हती का?" शेखरने विचारलं.

"लय झाडं पाहिली भाऊ, कोणाची काय सांगावं."

शेखर हसला. त्याने चहा घेतला, खड्ड्यापासून लांब जाऊन प्याला, आणि परत आला. तेवढ्यात वेदिकाने दोन्ही टोकं वर काढून घेतली होती. पूर्वी केबल टाकताना प्रत्येक खड्ड्यात गुंडाळी करून जादा लांबी ठेवलेली असायची, असं तुटलं की ओढून घ्यायला. इथली गुंडाळी या आधीच्या तुटण्यांनी खाऊन टाकली होती. जेमतेम पुरेल एवढंच उरलं होतं.

"बारा फायबर," वेदिका म्हणाली. "आणि राखाडी ताणला गेलाय, आण्णा. केबलीच्या नळीच्या तोंडाशीच दुखावलाय."

"बघतो."

"मी करू का आज?"

तिने ते केबल पुसता पुसता, वर न बघता विचारलं. साधाच प्रश्न होता. शेखरला तो साधा वाटला नाही. आज हो म्हटलं तर उद्याही हो म्हणावं लागेल, आणि परवा ती विचारणारच नाही. मग सकाळी म्हणायचे रंग कशासाठी म्हणायचे?

"तू सोलून दे," तो म्हणाला. "सांधे मी करतो."

पिवळा

व्हॅनचं मागचं दार उघडून त्याने काळी चटई अंथरली, डब्यातून मशीन काढलं आणि मांडीपुढे ठेवलं. डबा जेवणाचा असावा एवढासाच. आता तंबू लागत नाही, वारा आला तरी झाकण मिटलेलं असतं. काच कापायला पेन नाही, चाकासारख्या पात्याचं कटर आहे, दाबलं की काटकोनात. स्क्रू नाहीत. पडद्यावर दोन टोकं उसाच्या कांड्यांएवढी होऊन दिसतात, आपली आपण एकमेकांना शोधतात, ठिणगी पडते, आणि मशीन आकडा सांगतं. दुसऱ्या टोकाला कुणी बसावं लागत नाही. आलं का म्हणून विचारावं लागत नाही.

केबलीच्या शेवटाला कनेक्टर बसवायचं कामही असंच बदललं. पूर्वी फायबर डिंकासारख्या गोंदाने बसवायचा, भट्टीत भाजायचा, आणि ओल्या पॉलिश पेपरवर कनेक्टरचं तोंड घासायचं, इंग्रजी आठ काढत, हलक्या हाताने, काच आरशासारखी होईपर्यंत. आता खटका दाबला की कनेक्टर बसतो. शेखरला या कशाचं वाईट वाटलं नव्हतं कधी. नवीन मशीन आलं की पहिला तोच उघडून बघायचा. पण हल्ली झोपेत त्याचं बोट चादरीवर आठ काढतं, हे त्याला बायकोने सांगितलं होतं. तिने ते गंमत म्हणून सांगितलं होतं. तो रात्रभर हात उशीखाली दाबून पडला होता.

त्याने पहिली स्लीव्ह निळ्यात ओवली. फायबर सोलला, स्पिरिटने पुसला, कापला, ठेवला, झाकण मिटलं. आकडा आला. स्लीव्ह सरकवली, तापवायच्या खाचेत ठेवली. नारंगी. हिरवा. पुढची स्लीव्ह तो कानावर ठेवायचा, शिंपी खडू ठेवतो तशी, आणि वेळ आली की हात आपोआप कानाकडे जायचा. तपकिरी झाला. काचेचे तुकडे तो एकेक चिमट्याने उचलून बाटलीत टाकत होता. घरी गेलं की ही बाटली फ्रिजवरच्या बरणीत रिकामी व्हायची. पांढरा. लाल.

वेदिकाने मान वर केली. राखाडी तसाच लोंबत होता. ती काही बोलणार होती, पण तिला वाटलं, दुखावलेला आहे म्हणून शेवटाला ठेवला असेल. चांगले सांधणारे तसंच करतात. तिने तसं वाटून घेतलं.

काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी. आकाशी झाल्यावर शेखरने कंबर सरळ केली आणि ट्रेकडे पाहिलं, ज्यात हे सगळे सांधे ओळीने बसतात. एक खाच रिकामी होती. त्याने ती मोजली नाही, नुसतीच पाहिली. मग त्याला लोंबणारा राखाडी दिसला.

"हा मुद्दाम ठेवला," तो म्हणाला.

"हो," वेदिका म्हणाली.

जांभळा

राखाडी पहिल्यांदा सोलतानाच तुटला. दुसऱ्यांदा कटरमध्ये. दुखावलेली काच अशीच वागते, तिला हात लावला की तिला आधीचा धक्का आठवतो. आता केबलीच्या नळीच्या तोंडाबाहेर जेवढा उरला होता तेवढा मशीनपर्यंत कसाबसा पोचत होता. आणखी एकदा तुटला तर नळी मागे कापावी लागणार, मग बाकीचे सगळे सांधे तोडून नव्याने करायचे, आणि त्या बाजूला तेवढी केबलच नव्हती. नवी केबल ओढायची म्हणजे दोन दिवस, आणि तोवर चांदवड बंद.

"सावकाश, आण्णा."

"हूं."

शेखरने फायबर असा सोलला की वेदिकाचा श्वास तिच्याच कानाला ऐकू आला. पुसला. कापला. ठेवला. झाकण मिटलं. पडद्यावर दोन कांड्या सरकल्या, थबकल्या, एक झाल्या. आकडा दिवसभरातला सगळ्यांत चांगला.

"झालं," तो म्हणाला, आणि खरोखर त्याला आतून गार वाटलं. त्याने झाकण उघडलं, सांधा दोन्ही हातांनी उचलला आणि डाव्या चिमटीने स्लीव्ह सरकवायला गेला. चिमटीत काही आलं नाही. त्याने फायबरवरून बोट मागे नेलं, केबलीच्या नळीच्या तोंडापर्यंत. मग उजव्या बाजूला. दोन्हीकडे उघडी काच.

वेदिका त्याच्या कानाकडे बघत होती.

स्लीव्ह कानावर होती.

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. त्याच्या टेपवर लग्नातलं गाणं लागलं होतं. झिपरू लांबून विचारत होता, "झालं का भाऊ? टाकू का माती?" शेखर सांधा हातात धरून बसला. आडगावसारखाच. पण आज पाणी आणायला कुणी गेलेलं नव्हतं. समोर मुलगी बसली होती आणि तिचे डोळे भरत चालले होते, आणि ते त्या सांध्यासाठी नव्हते हे त्याला समजलं.

"आण्णा," ती हळू म्हणाली.

"बोलू नको. हलेल."

गुलाबी

"मागच्या सीटखाली बिस्किटाचा डबा हाय," शेखर म्हणाला. "पत्र्याचा. तो दे."

वेदिकाने डबा आणला. तिला तो शोधावा लागला नाही. झाकण उघडलं तर आत स्पंजाचा साचा, साच्याला खाचा, आणि खाचेखाचेत ॲल्युमिनियमच्या दुमडलेल्या पट्ट्या. शेजारी स्टेपलरएवढं दाबयंत्र. स्लीव्ह आल्या त्या वर्षी सोमनाथने हा साचा त्याच्या हवाली केला होता, भरलेला, एकही न वापरलेला. असू दे, लागंल कधी, असं म्हणाला होता.

एक खाच रिकामी होती.

शेखर त्या रिकाम्या खाचेकडे बघत राहिला. हिच्यातली क्लिप कुठे गेली? सोमनाथने भरलेला दिला होता हे त्याला काल घडल्यासारखं आठवत होतं, सोमनाथच्या बोटातली तांब्याची अंगठीसुद्धा दिसत होती. त्यानंतर डबा कधी उघडला होता का? आठवेना. वेदिकाही त्या खाचेकडे बघत होती.

"एक काढ. कडेला धर. चिकटाला बोट लावू नको."

तिने क्लिप काढून चटईवर उघडी धरली. शेखरने सांधा तिच्या घडीत ठेवला, आणि ते करताना त्याचे हात तिशीतले होते. दाबयंत्र आणलं, टेकवलं, मिटवलं. पुस्तक मिटलं. त्याने मिटलेली क्लिप अंगठ्याने एकदा पुसली आणि मान न वळवता, लांब कुणाला तरी ऐकू जावं अशा आवाजात विचारलं,

"सोमनाथ, आलं का?"

वेदिकाच्या हातात फोन होता. त्यावर गौरांगचा संदेश नुकताच आला होता, सगळे बारा फायबर ऑफिसात दिसतायत म्हणून. तिने तो वाचला. मग बापाच्या पाठीकडे बघून म्हणाली,

"आलं."

शेखरने मान हलवली. मग थोड्या वेळाने, आपण काय विचारलं ते त्याच्या कानापर्यंत पोचलं तेव्हा, त्याने कानावरची स्लीव्ह काढली आणि खिशात टाकली.

आकाशी

हल्ली माती टाकायच्या आधी ट्रेचा फोटो ऑफिसला पाठवावा लागतो. वेदिकाने पाठवला. अकरा पारदर्शक नळ्या आणि मधेच एक चकचकीत पट्टी, दातांच्या ओळीत चांदीचा दात असावा तशी. गौरांगचा फोन यायला वेळ लागला नाही. तिने तो उचलला, आणि शेखरला शेजारी बसून दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"वेदिका, हे पाचव्या नंबरवर काय आहे?"

"क्लिप आहे. जुन्या पद्धतीची."

"हो, पण का? ऑडिटला विचारतील गं मला."

"स्लीव्ह राहिली," ती म्हणाली. "माझ्याकडून. फायबर संपला होता, पुन्हा करता येत नव्हतं. चूक माझी आहे, सर."

ती इतकं सरळ खोटं बोलली की क्षणभर शेखरलाही पटलं. पटलं आणि बरंही वाटलं. हे असंच चालू शकतं, त्याच्या मनात आलं. ती व्हॅन चालवील, ती सोलील, ती झाकत जाईल. आईची हवेतली भाकरीही घरातले सगळे खाल्ल्यासारखं करायचे. छान झाली म्हणायचे. तोही म्हणायचा. मग एक दिवस आईने खऱ्या तव्याखाली गॅस पेटवला, तव्यावर काहीच नसताना, आणि तो तसाच ठेवून ती दाराबाहेर पडली.

त्याने हात पुढे केला. "दे इकडं."

"आण्णा, झालं आता, मी सांगितलंय."

"दे."

तिने फोन दिला.

"गौरांग, शेखर बोलतोय. स्लीव्ह माझ्याकडून राहिली. पोरगी उगाच बोलली."

"अहो काका, राहते कधी. त्यात काय एवढं? मी लिहितो काहीतरी."

"तिसऱ्यांदा राहिली. आणि दोन्ही वेळचं तुला सांगितलं नाही." तो थांबला. वाक्य संपलं होतं, पण त्याच्यामागे आणखी एक होतं आणि ते त्याला स्वतःच ओढून बाहेर काढायचं होतं. "उद्यापासून मशीनवर वेदिका बसंल. माझं नाव काढ सांधणाऱ्यातून. मी बरोबर येत जाईन, पण मशीनला हात लावणार नाय."

"काका, एवढं टोकाला जायचं काही नाही हो."

"हाय," शेखर म्हणाला. "तू लिही."

त्याने फोन परत दिला. वेदिका रडत नव्हती. तिने ट्रे ठेवलेल्या पेटीचं, क्लोजरचं झाकण बसवलं, पट्टे आवळले, आणि झिपरूला हात केला. झिपरूने माती इतकी हलकी टाकली की जणू खाली कुणी झोपलंय.

हात धुताना शेखर म्हणाला, "सोमवारी डॉक्टरचा नंबर लाव. तुझ्या आईला मी सांगतो."

"मी बरोबर असेन."

"तू मशीनवर असशील. सोमवारी काम असतं." त्याने पंच्याने हात पुसले, बोटाबोटांच्या मधूनसुद्धा. "आणि एक. तू सांधा करायच्या आधी मी विचारणार, स्लीव्ह? तू म्हणायचं, आहे. मग पुढं जायचं."

"आणि तुम्ही विचारायला विसरलात तर?"

"तर तू थांबायचं. मी गप्प बसलो की समजायचं, काहीतरी राहिलंय."

वेदिकाने मान हलवली. मशीन तिने डब्यात ठेवलं, डबा बॅगेत, बॅग आपल्या खांद्याला. शेखरने त्या बॅगेकडे हात नेला नाही. पिंपळगावला त्यांनी इडली खाल्ली. शेखरने दोन प्लेट खाल्ल्या आणि सोमनाथच्या वाट्याची खातोय असं सांगितलं. वेदिकाने तिसरी मागवली.

ओझर आलं. कारखान्याची भिंत आता उजव्या हाताला होती. वेदिकाने रस्त्यापलीकडे एकदा पाहिलं.

"विमान दिसलं का?" शेखरने विचारलं.

"नाही."

थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "त्या डब्यातली एक क्लिप कुठं गेली असंल गं? सोमनाथने भरलेला दिला होता."

"असेल कुठेतरी," वेदिका म्हणाली. "कामालाच आली असेल."

राखाडी

वेदिकाने आयुष्यात जोडलेला पहिला सांधा ओझरला, कारखान्याच्या भिंतीअलीकडच्या चेंबरमध्ये आहे, आणि त्याला स्लीव्ह नाही, क्लिप आहे.